तीन ठोके म्हणजे उघडा

१

हे कुणाला सांगायचं नाही, असं ओवीला बजावलेलं आहे. आईला तर मुळीच नाही. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन घेतलं, आणि दिलेलं वचन ओवीनं आजवर मोडलेलं नाही. पण सांगायचं नाही एवढंच ठरलंय, लिहायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही. म्हणून ती भूगोलाच्या वहीची मागची कोरी पानं वापरते आहे. सुरुवातीला तिनं 'मी' असं लिहून पाहिलं. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. मग 'ओवी' असं लिहिलं तेव्हा कुठं हात चालू लागला.

ओवीच्या बाबांचं नाव वैजनाथ. मलकापुरात हायवेच्या कडेला त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं पत्र्याचं शेड आहे आणि शेडच्या मागं दोन खोल्यांचं घर. पत्रा ठोकून सरळ करणारे गावात पुष्कळ आहेत. गाडीत पाणी नेमकं कुठून शिरतं ते शोधून काढणारे मात्र वैजनाथच. डिक्कीतलं पाणी म्हणजे मोठं लबाड काम. ते शिरतं टेललाइटच्या मागून, पत्र्याच्या आतल्या आत वाहत जातं आणि साचतं स्टेपनीच्या खड्ड्यात. बाहेरून कितीही बघा, कळत नाही. त्यासाठी कुणीतरी बॅटरी घेऊन डिक्कीत बसावं लागतं, वरून डिक्की लावून घ्यावी लागते आणि बाहेरून पाईपनं पाणी मारावं लागतं.

ते कुणीतरी म्हणजे ओवी. वय चौदा, पण अंगानं बारीक, आणि नजर अशी की पत्र्यावरून सरकणारा थेंब तिला तो खाली पडायच्या आधी दिसतो. आत बसताना ती शाळेतला खडू नेते. प्रत्येक जोडावर खडूची रेघ ओढायची. जिथं रेघ पुसली, तिथून पाणी आलं.

अडचण एकच होती. ओवीचा आवाज वर्गात दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही, मग डिक्कीतून बाहेर काय पोचणार? म्हणून बाबांनी ठोके ठरवून दिले. हातातला पाना आतून पत्र्यावर मारायचा. एक ठोका म्हणजे सगळं कोरडं आहे, पाणी मारत राहा. दोन म्हणजे सापडलं. तीन म्हणजे उघडा.

चार वर्षांत त्या ठोक्यांत कधी चूक झाली नव्हती.

२

ती पांढरी गाडी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आली. मोताळ्याच्या पंजाबरावांनी ती जुनीच विकत घेतलेली. रिटायर झालेला माणूस, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल. आल्या आल्या त्यांनी डिक्की उघडून दाखवली.

"पाह्य वैजनाथ. पोरीच्या लग्नाचा बस्ता ठेवला होता इथी. अकोल्याहून आणला. घरी येऊन पाह्यतो त साड्या चिंब."

"पाण्याची कॅन सांडली असन भाऊ."

"कॅन नव्हतीच ना. अन् पाऊस कुठी हाय? नळ पंधरा दिवसाला येऊन राह्यला आमच्या इकडे. माह्या बायकोनं त विचारलं, रस्त्यात साड्या धुऊन आणल्या काय म्हणून."

बाबा हसले. त्यांनी खालचा गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली. खड्ड्यात चार बोटं पाणी होतं. ओवी बाजूला उभी राहून बघत होती. गाडी तासभर उन्हात चालून आलेली. हायवेवर उन्हाच्या झळा नाचत होत्या, गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. आणि खड्ड्यातल्या पाण्यात तिनं बोट बुडवलं तर ते रांजणातल्यासारखं गार.

"थांबता काय? चहा मागवतो," बाबा म्हणाले.

"नाई, एस्टी हाय मले." पंजाबराव चावी ठेवून निघाले. शेडच्या दारात ते थांबले आणि वळून म्हणाले, "घाई करू नको हो. राहू दे किती दिवस राह्यली तरी."

पोरीचं लग्न दहा दिवसांवर आलेला माणूस गाडीची घाई नाही म्हणतो, हे ओवीला तेव्हाही खटकलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर ओवी खड्डा पुसून डिक्कीत बसली.

मलकापुरात उन्हाळ्यात पाणी कुणी वाया घालवत नाही, बाबा तर नाहीतच. त्यांचा ड्रम दहा बादल्यांचा. गाडी उतारावर, खाली ताडपत्री. मारलेलं पाणी ताडपत्रीवरून टबात जमा होतं आणि परत ड्रममध्ये ओतलं जातं. दहा मारल्या की साडेनऊ परत येतात. अर्धी बादली उन्हात उडते. ते मोजायचं काम ओवीचं असतं.

त्या दिवशी आत काहीच सापडलं नाही. डिक्कीचं रबर चांगलं होतं, टेललाइटचे जोड घट्ट होते, खडूच्या रेघा जशाच्या तशा. तिनं दर थोड्या वेळानं एक ठोका दिला. बाबांनी पूर्ण ड्रम रिकामा केला. डिक्की उघडली तेव्हा आतला पत्रा पापडासारखा कोरडा होता.

मग ओवीनं टबातलं पाणी मोजलं. साडेसात बादल्या.

"बाबा, दोन कमी आहेत."

"ताडपत्री फाटली असन."

ताडपत्री फाटलेली नव्हती. खालची जमीन कोरडी होती. तिथं पाणी जिरलं असतं तर धूळ काळी पडली असती, तीही नव्हती. बाबांनी स्वतः पुन्हा मोजलं, आकडा तोच आला. दोन बादल्या पाणी डिक्कीत नव्हतं, टबात नव्हतं, जमिनीवरही नव्हतं.

"काही त हाय या गाडीत," बाबा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात भीती नव्हती. अवघड काम हाती लागलं की त्यांना होतो तो आनंद होता.

४

तिसऱ्या दिवशी बाबांनी टँकरवाल्याकडून ड्रम काठोकाठ भरून घेतला.

ओवी आत गुडघे पोटाशी घेऊन बसली. डिक्की बंद झाली. पहिले काही क्षण नेहमीचेच: रबराचा वास, आपलाच श्वास, बॅटरीचा पिवळा गोल. मग वरून पाणी पडायला लागलं. डोक्यावर पत्र्याचा तो आवाज तिला आवडायचा. बाहेर सगळं रखरखीत आणि आपल्यापुरतंच आभाळ भरून आलंय, असं वाटायचं.

त्या दिवशी तो आवाज हळूहळू खाली सरकला. आधी डोक्यावर होता, मग कानाशी आला, मग गुडघ्यांखाली गेला. पाणी वरून पडत नव्हतं, तिच्या खालून कुठूनतरी चढत होतं. तिनं बॅटरी खाली धरली. खड्ड्याच्या कडेनं पाणी वर येत होतं, संथ, माठ भरताना येतं तसं.

तिनं पाना उचलून दोन ठोके दिले. आवाज झाला नाही. पाना पत्र्यावर आपटला, हाताला झिणझिण्या आल्या, आणि आवाज झाला नाही. ओल्या गोधडीवर मारल्यासारखं.

आणि तिच्या पाठीमागून, मागच्या सीटच्या बाजूनं, एक ठोका आला. स्वच्छ आणि शांत. सगळं कोरडं आहे, पाणी मारत राहा.

बाहेर बाबांनी पाण्याचा जोर वाढवला.

ओवीनं तीन ठोके दिले. पुन्हा आवाज नाही, पुन्हा पाठीमागून एक. पाणी तिच्या पोटाशी आलं, छातीशी आलं. तिनं पाना टाकून दोन्ही हातांनी पत्रा बडवला. मागून एक ठोका. मागं वळून बघायला जागा नव्हती. पाठीला सीटचा पत्रा टेकलेला होता, तिच्या आणि त्याच्या मध्ये तळहातही मावला नसता.

पाणी हनुवटीला लागलं तेव्हा ओरडायला तिनं तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा ती मोठ्यानं ओरडणार होती. तोंडात पाणी गेलं. गोड होतं.

यानंतरचं तिला आठवत नाही. यात कसर ठेवायला नको, म्हणून ती लिहिते आहे: डिक्की उघडल्याचं तिला आठवत नाही. बाबांचा हात आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ती ड्रमपाशी उन्हात उभी होती आणि तिचा गणवेश कोरडा होता. वेण्याही कोरड्या होत्या.

५

"तीन डाव एक-एकच ठोकलं तू," बाबा पाईप गुंडाळत म्हणाले. "मले वाटलं, आज बी हात हलवत बसा लागते."

"मी तीन दिले बाबा. पाणी गळ्यापर्यंत आलं होतं."

बाबांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "झोप लागली होती काय वं आत? पाह्य, तुही सलवार बी ओली नाई."

ओवीनं स्वतःलाच समजावलं. गळ्यापर्यंत डिक्की भरायची तर तीन ड्रम पाणी लागेल आणि ड्रम एकच होता. बंद जागेत, उन्हात माणसाला भोवळ येते. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या होत्या. खडूच्या रेघाही तशाच होत्या. सगळा हिशेब बाबांच्या बाजूनं होता.

बाबांनी डिक्की लावली. ते पाईप भिंतीला टांगत होते आणि ओवी त्यांच्या शेजारी उभी होती, तेव्हा बंद डिक्कीतून तीन ठोके आले.

"पत्रा तापला की वाजते," बाबा लगेच म्हणाले.

पुन्हा तीन आले. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. ओवी तीन ठोके देते ते सारखे देत नाही. दोन लागोपाठ आणि तिसरा जरा थांबून. पाना जड असतो, हात दमतो. चार वर्षं बाबा तेच ऐकत आलेत. डोळे मिटूनही त्यांना कळेल की ही ओवी आहे.

ठक-ठक. ठक.

बाबांनी पाईप सोडला, धावत जाऊन डिक्की उघडली. आत कुणी नव्हतं. स्टेपनीच्या खड्ड्यात मात्र पाणी काठाला आलेलं, काळं आणि स्थिर.

त्यांनी बाही वर केली आणि तळ चाचपायला हात घातला. खड्डा वीतभर खोल असतो. त्यांचा हात मनगटापर्यंत गेला, कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत गेला. त्यांचा गाल पाण्याला टेकला. ओवीनं वाकून गाडीखाली पाहिलं. खड्ड्याचा पत्रा जमिनीपासून चांगला हातभर वर होता आणि त्याखाली ताडपत्रीशिवाय काही नव्हतं.

बाबांनी हात बाहेर काढला तेव्हा मुठीत लाल रिबीन होती. शाळेची. एका टोकाला निळ्या शाईचा डाग, पेन गळलं होतं तेव्हाचा.

ओवीचा हात आपोआप वेणीकडे गेला. दोन्ही रिबिनी जागेवर होत्या. डावीच्या टोकाला निळा डाग होता.

बाबा तिच्या वेणीकडे बघत राहिले, मग हातातल्या रिबिनीकडे. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बर्फासारखा गार होता.

"आईले सांगू नको," ते म्हणाले.

६

त्या दिवसापासून बाबा ओवीकडे बघतात. जेवताना बघतात, ती झाडत असताना बघतात. एकदा म्हणाले, "तिसरीत सायकलवरून पडली होती, ती खूण दाखव बरं." तिनं गुडघा दाखवला. खूण होती. बाबांना हायसं वाटायला हवं होतं. त्यांचा चेहरा अजूनच पडला.

"काऊन असं पाहून राह्यले पोरीकडे?" आईनं विचारलं. आईचं नाव वासंती. तिच्या नजरेतून फारसं काही सुटत नाही. "दृष्ट लावान तिले."

"काही नाई. मोठी दिसून राह्यली."

"मोठी कायची, वाळून राह्यली. पाणी पेत नाई तुही लेक. सकाळी भरलेला तांब्या रात्री तसाच राह्यते."

बाबांचा घास हातातच राहिला.

ते खरं होतं. ओवीला तहान लागत नव्हती. बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, गल्लीतली कुत्री मोरीत जाऊन पडत होती, आणि तिला चार दिवस पाणी नकोसं वाटत होतं. ओठ फुटले नव्हते. घाम येत नव्हता. परीक्षेच्या तणावामुळं असेल, असं ती म्हणत राहिली. पण परीक्षा संपून आठवडा झाला होता.

झोपताना ती सगळं नीट आठवून पाहायची. बालवाडी आठवायची, आजोबांची काठी आठवायची, पाढे आठवायचे. मधे कुठंही खंड नव्हता. खंड एकाच जागी होता: तोंडात गोड पाणी गेलं तिथपासून ती ड्रमपाशी उभी होती तिथपर्यंत. जिनं तीन ठोके दिले तिच्यासाठी डिक्की उघडली गेलीच नव्हती. मग बाहेर आली ती कोण?

म्हणून 'मी' लिहिता येत नाही. 'मी' लिहिलं तर ते खोटं निघू शकतं. 'ओवी' लिहिलं तर दोघींपैकी कुणीतरी एक खरी असतेच.

७

पंजाबराव फोन उचलत नाहीत. लग्न होऊन गेलं असेल. गाडी शेडमध्ये उभी आहे आणि बाबांनी दुसरी कामं घेणं बंद केलं आहे.

रोज दुपारी आई आडवी झाली की ते गाडीपाशी जातात. डिक्कीवर बोटानं एकदा वाजवतात. आतून तीन येतात. दोन लागोपाठ, तिसरा जरा थांबून. ते डिक्की उघडतात. कुणी नसतं. लावतात. पुन्हा तीन येतात.

"थांब बेटा," ओवीनं त्यांना पत्र्याला तोंड लावून बोलताना ऐकलं. "उघडून राह्यलो ना. रडू नको."

ती दाराआड उभी होती. बाबांनी तिला इतक्या मायेनं कधी हाक मारल्याचं तिला आठवत नव्हतं. ते वळले, त्यांना ती दिसली.

"उघडतो तवा ती नसते," बाबा म्हणाले. तक्रार करावी तसं, हताश. "लावली की असते. मी किती डाव करून पाह्यलं."

"ती कोण, बाबा?"

सदऱ्याच्या खिशातून त्यांनी ती रिबीन काढली. आठ दिवस झाले तरी ती वाळलेली नव्हती. खिशाला ओला डाग पडला होता.

"तू आत होती तवाच हे झालं," ते म्हणाले. "त तू आत असशीन तवाच उघडन. एक डाव बस अजून. तसंच पाणी मारतो, तेवढंच. ह्या डाव तीनची वाट पाह्यत नाई मी, एकच आला तरी उघडतो."

ओवी विचार करत राहिली. बाबांचं कामातलं डोकं तिला माहीत होतं. गळती ज्या रीतीनं झाली त्याच रीतीनं पुन्हा करून पाहायची, म्हणजे सापडते. चार वर्षं त्यांनी तिला हेच शिकवलं.

"बाबा, बाहेर एकच आली तर?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. चांगल्या माणसाची नजर होती ती, थकलेली, रात्रभर जागलेली. त्यात राग नव्हता. परक्याच्या पोरीशी बोलावं तेवढी माया होती.

"माही आली म्हंजे झालं," ते म्हणाले.

८

आई काल संग्रामपूरला गेली, मावशीकडे, दोन दिवसांसाठी. जाताना तिनं ओवीच्या वेण्या घातल्या, रिबिनी घट्ट बांधल्या आणि म्हणाली, "पाणी पेत जाय वं माय." ओवी हो म्हणाली. तेव्हाच सांगता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण आईनंही ऐकून घेऊन तिच्याकडे तसंच बघायला सुरुवात केली असती तर? त्यापेक्षा हे बरं.

सकाळीच टँकर आला आहे. ड्रममध्ये पाईप पडल्याचा आवाज ओवीला इथं स्वयंपाकघरात ऐकू येतो आहे. पाणी भरतं आहे. खिशात खडू आहे, मांडीवर पाना आहे. आत गेल्यावर ठोके द्यायचे की नाही हे तिचं अजून ठरत नाही. दिले तर आवाज होणार नाही. नाही दिले तर दुसरी देईल.

पळून जाता आलं असतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण कुठल्याही घरी गेलं तरी तिथं माठ असणार, आणि कुणीतरी पेला पुढं करणार, आणि ती नको म्हणणार. शिवाय आत जी आहे, ती जर खरी असेल, तर ती पंधरा दिवस अंधारात गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे. ओवीला त्या जागेची माहिती आहे. तिला तिथं सोडून जाववत नाही.

वही ती पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे. जी बाहेर येईल तिला ती जागा ठाऊक असेल, कारण तिथं लपवायची सवय लहानपणापासूनची आहे. आणि दोघींनाही ती ठाऊक असेल, याचीच तिला जास्त भीती वाटते. तरी तुला, जी कुणी आलीस तुला, एक सांगायचं आहे. बाबांवर रागावू नकोस. दोन-तीन दिवस तहान लागते का बघ. लागली, तर सगळं ठीक आहे, ही पानं फाडून चुलीत टाक. आणि नाही लागली, तर वचन मोड, आईला खरं काय ते सांग, आणि गाडीपाशी जाऊन कान लाव, कारण आत अजूनही

शेडमधून हाक आली. "ओवे, चाल वं. ड्रम भरला."

पहिल्यांदा तिला वाटलं, हाक तिलाच आहे. मग शेडमधूनच, हाकेला ओ द्यावी तसे ठोके आले, दोन लागोपाठ, आणि तिसरा जरा थांबून, आणि बाबा हसले, कितीतरी दिवसांनी हसले, आणि म्हणाले, हाव, तुलेच म्हणून राह्यलो, अन् ते दुसरी बी येऊन राह्यली, मंग तू बाहेर.